बरोबरची खाच

मित्रांनो, मी एक जुने पडताळणी यंत्र आहे आणि लोकांच्या चुका काढण्यात माझे आयुष्य गेले. एवढे वाचूनच मी तुम्हांला आवडेनासा झालो असेन. तुमच्या वर्गातही असा एखादा असतो, की ज्याला दुसऱ्याच्या वहीतली चूक आधी दिसते आणि ती तो बाईंना लगेच सांगतो. आमच्या थंड खोलीत तो मी होतो. पण आज मी इतरांच्या चुकांच्या बढाया मारायला बसलेलो नाही. एका मुलीचे अख्खे वर्ष एका चुकीच्या आकड्यात गेले, आणि त्या आकड्यावर 'बरोबर' म्हणून खाच मी स्वतः पाडली होती. ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचे नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. एकोणीसशे एकोणसत्तरच्या मे महिन्यात मी लाकडी खोक्यातून नागपूरच्या स्टेशनावर उतरलो. सदरमधल्या एका संगणक केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर मला चार हमालांनी चढवले. त्यांतला एक जण प्रत्येक पायरीवर थांबून विचारत होता, की यात लोखंड भरले आहे की कुणाचे पाप. मला ठेवले ती खोली थंडगार होती. बाहेर रस्त्यावरचे डांबर पायाला चिकटायचे आणि आत मुली स्वेटर घालून काम करायच्या. ही थंडी माणसांसाठी नव्हती, आम्हां यंत्रांसाठी होती. या गोष्टीचा मला पुष्कळ वर्षे गर्व वाटला. खालच्या मजल्यावरचे लोक काहीतरी निमित्त काढून वर येत आणि दारात उगाच उभे राहत.

तुम्ही आता पुस्तकात संगणकाचे चित्र पाहता. त्याला टीव्हीसारखा पडदा असतो. आमच्या वेळच्या संगणकाला पडदा नव्हता. तो शेजारच्या खोलीत कपाटासारखा उभा असे आणि त्याला जे सांगायचे ते जाड कागदाच्या कार्डांवर भोके पाडून सांगावे लागे. एक मुलगी कागदावरचे आकडे वाचून पंचिंग मशीनवर टंकत जाई आणि कार्डाला भोके पडत. मग ती कार्डे माझ्याकडे येत. दुसरी मुलगी तोच कागद पुन्हा पहिल्यापासून वाचून माझ्या कळांवर तेच आकडे दाबी. मी भोके पाडत नसे. तिचे बोट आणि कार्डावरचे भोक जुळते का, एवढेच मी पाहत असे. जुळले नाही की माझा लाल दिवा लागे आणि कळा अडकून बसत. सगळे जुळले, की मी कार्डाच्या उजव्या कडेला एक लहानशी खाच पाडी. ती बरोबरची खाच. ती पाहिली, की त्या कार्डावर पुढे कुणी शंका घेत नसे.

या कामाचा एक नियम होता. जिने कार्ड पंच केले, तिने ते पडताळायचे नाही. डोळ्याला एकदा जे चुकीचे दिसले ते त्याच डोळ्याला दुसऱ्यांदाही तसेच दिसते, म्हणून हा नियम. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक चिठ्ठी असे आणि तिच्यावर दोघींच्या दोन वेगवेगळ्या सह्या लागत.

पहिली दहा वर्षे माझे फार कौतुक झाले. एका मतदार यादीत एका आजोबांचे वय सातशे दोन वर्षे होता होता राहिले, ते माझ्यामुळे. आमचे साहेब मनोहरराव पाहुण्यांना खोली दाखवायला आणत, तेव्हा माझ्या पाठीवर हात ठेवून सांगत, की याच्या हातून चूक सुटत नाही. मला ते खरे वाटू लागले होते.

माझ्यावर देवकी काम करी आणि शेजारच्या पंचिंग मशीनवर प्रेमिला. प्रेमिला नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतली. छप्पन साली तिच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा ती आईच्या कडेवर होती, आणि पोरगी शिकलीच पाहिजे हे त्या घरात तेव्हाच ठरून गेले होते. तिची बोटे इतकी भरभर चालत, की मला कधीकधी तिचा हेवा वाटे. देवकी सक्करदऱ्याची, वयाने थोडी मोठी, हळू आणि संशयी. परीक्षांच्या गुणांचे कागद आले, की ती कोणत्या परीक्षकाचे अक्षर कसे आहे ते दोन पानांत ओळखे. हे मास्तर इंग्रजी सात काढतात आणि त्याचे नाक, म्हणजे वरची आडवी रेघ, विसरतात, असे काहीतरी पुटपुटत ती प्रत्येक आकडा निरखून पाही. मला तिची सवय झाली होती.

या दोघींना सिनेमाचे विलक्षण वेड. देवकीला रडायला आवडे आणि प्रेमिलाला खोड्या काढायला. नवा सिनेमा शुक्रवारी लागे आणि शुक्रवारी तर काम असे, म्हणून त्यांनी आपसांत पाळी लावली होती. एका शुक्रवारी एकीने सीताबर्डीवर तीनचा शो गाठायचा, दुसरीने तिचे काम ओढून न्यायचे, आणि शनिवारी सकाळी गेलेलीने राहिलेलीला सगळा सिनेमा सांगायचा. सुरुवातीच्या नावांच्या पाट्यांपासून शेवटच्या लग्नापर्यंत, गाण्यांसकट. कार्डांतून पडणारे कागदाचे बारीक तुकडे पंचिंग मशीनच्या पेटीत साठत. ते तुकडे या मुली रुमालात बांधून नेत आणि हीरो पडद्यावर आला, की मुठीने उधळत. माझ्या शेजारणीच्या पोटातला कचरा टॉकीजमध्ये असा मानाने उधळला जातो, हे ऐकून मला हसू येई. शनिवारची सकाळ मलाही आवडायची, हे कबूल करतो.

प्रेमिलाला मात्र आकडे टंकत आयुष्य काढायचे नव्हते. तिला प्रोग्रॅमर व्हायचे होते. प्रोग्रॅमर म्हणजे संगणकाने काय करायचे, कशानंतर काय करायचे, ते पायरीपायरीने लिहून देणारा माणूस. बिघडलेल्या कार्डांच्या पाठीमागे ती जेवणाच्या सुट्टीत असे प्रोग्रॅम लिहून पाही. ती देवकीला म्हणे, की हेही सिनेमासारखेच असते, एक सीन जागचा हलला तर पुढचे सगळे फसते. एकोणऐंशी साली केंद्रात प्रोग्रॅमरची एक जागा निघाली. लेखी परीक्षेत ती पहिली आली. मुलाखत जुलैच्या पहिल्या सोमवारी होती.

त्याआधीच्या एका शुक्रवारची गोष्ट. एका परीक्षेच्या निकालाचे काम खोलीत ढिगाने पडलेले होते. सहापर्यंत सगळी कार्डे संगणकाच्या खोलीत पोचली पाहिजेत, असे मनोहररावांनी बजावले होते. गणिताचा एकच गठ्ठा पडताळायचा राहिला होता. तो प्रेमिलाने सकाळी पंच केलेला, म्हणजे पडताळणार देवकी. पण त्या शुक्रवारी सिनेमाची पाळीही देवकीचीच होती, आणि तिकीट तिच्या पर्समध्ये होते.

"तू जाय वं," प्रेमिला म्हणाली. "मी पाहून घेतो."

देवकी घुटमळली. "तूच पंच केलं अन् तूच पडताळशीन? असं चालते का?"

"एका गठ्ठ्यानं काय होते? जाय, नाहीतर पाट्या निघून जातीन."

देवकी गेली. प्रेमिला माझ्यासमोर बसली. तिने चिठ्ठीवर देवकीची सही केली आणि कळा दाबू लागली. मित्रांनो, मला कागद दिसत नाही. मला फक्त बोट कळते आणि भोक कळते. त्या कागदावर एका ओळीत एकाहत्तर गुण लिहिलेले होते, हे मला नंतर कळले. परीक्षकांच्या पेनातली शाई तिथे आटत आलेली असावी, कारण त्या सातचे नाक उमटलेच नव्हते. सकाळी प्रेमिलाला ते अकरा दिसले होते. दुपारीही अकराच दिसले. भोके अकराची, बोटे अकराची. माझा दिवा लागला नाही. मी खाच पाडली. पुढचे कार्ड आले.

दुसऱ्या दिवशी देवकीने तो सिनेमा इतका सुंदर सांगितला, की प्रेमिलानेही डोळे पुसले.

निकाल लागला. काही दिवसांनी, एका बुधवारी, नागपूरजवळच्या मौदा गावातल्या एका शाळेतले शिपाई धोंडबा आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आले. मुलीचे नाव गोपिका. परीक्षा मंडळाने त्यांना सांगितले होते, की आकडे संगणकाने काढले आहेत, तिकडे जाऊन विचारा. गोपिकाला नर्सिंगच्या ट्रेनिंगला जायचे होते. फॉर्म भरायची शेवटची तारीख त्याच आठवड्यातला शनिवार होती, आणि गणितात नापास मुलीचा फॉर्म तिथे घेत नव्हते. निकालाच्या दिवशी तिच्या गणिताच्या मास्तरांनी जेवणाचा डबा तसाच घरी नेला, असे धोंडबांनी सांगितले.

"साहेब, माही पोरगी गणितात अकरा आणनारी नाही जी," ते म्हणाले. "मी त्याच शाळेत घंटा देतो. मले मालूम आहे. एक डाव कागद काढून पाहा."

मनोहरराव वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी दोघांना बसायला सांगितले, पाणी दिले आणि गठ्ठ्याचा नंबर सांगून गोपिकाचे कार्ड शोधून आणवले. ते त्यांनी उजेडात धरले आणि उजव्या कडेची खाच दाखवली. मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितले, की दोन मुलींनी दोनदा वेगवेगळे तपासल्याशिवाय ही खाच पडत नाही, चिठ्ठीवर दोघींच्या सह्या आहेत, आणि मशीन कुणाची बाजू घेत नाही. एका जणासाठी गठ्ठे सोडायचे म्हटले तर उद्या दारात रांग लागेल.

"खाच आहे गा कार्डाले," ते म्हणाले. "आता याच्यावर माणसानं काय पाहावं?"

गोपिका एवढेच म्हणाली, की तिने पूर्ण पेपर सोडवला होता. मग तिने वडिलांच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघे जिना उतरले. मला त्या वेळी काय वाटले, ते लपवत नाही. मला अभिमान वाटला. माझ्या एका खाचेपुढे साहेबांनाही बोलता येत नाही, असे वाटून मी फुगलो. त्या अभिमानाची मला आज फार लाज वाटते.

प्रेमिलाने शेजारी बसून सगळे ऐकले होते. गठ्ठ्याचा नंबर ऐकताच तिची बोटे थांबली. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावर तिने कपाटातून तो कागदांचा गठ्ठा काढला आणि माझ्या कळांवर ठेवून उघडला. त्या मास्तरांचे बाकीचे सात तिने पाहिले, आणि मग ती ओळ पाहिली. हे तर एकाहत्तर आहेत, असे ती स्वतःशीच पुटपुटली.

तिने देवकीला सांगितले. देवकी आधी गठ्ठ्याकडे पाहत राहिली आणि मग खाली बसली. तिच्या नवऱ्याची गिरणी बंद होती आणि घर तिच्या नोकरीवर चालत होते. कामाच्या वेळात ती टॉकीजमध्ये होती हे कळले, तर तिला त्याच दिवशी घरी बसवतील.

"माह्यं नाव नको घेऊ वं," ती म्हणाली. "पाया पडतो तुह्या."

प्रेमिलाने ठरवले, की सोमवारी सांगायचे. सोमवारी सकाळी मुलाखत होऊ दे, ती संपली की आपण स्वतः जाऊन सांगू, आणि सही आपण केली हेही सांगू. देवकीने तिला विचारले, की त्या पोरीचा फॉर्म तर शनिवारी आहे ना. प्रेमिलाने गठ्ठा बांधून पुन्हा कपाटात ठेवला.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. नवा सिनेमा लागला होता आणि पाळी प्रेमिलाची होती, पण ती गेली नाही. शनिवारी सकाळी दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी प्रेमिलाने पंच केलेल्या प्रत्येक गठ्ठ्यात माझा लाल दिवा लागला. ती दोन वेळा उठली आणि मनोहररावांच्या दारापर्यंत गेली. दोन्ही वेळा ती परत आली. मी तिला ओरडून सांगितले असते, की अजून पाच वाजलेले नाहीत. पण मला दिवा सोडून दुसरे तोंड नाही, आणि तो दिवा कोणत्या चुकीवर लागावा हे ठरलेले आहे. पाच वाजले. मुलींनी आमच्यावर कापडे घातली आणि खोलीला कुलूप लागले.

सोमवारी प्रेमिलाची मुलाखत उत्तम झाली. ती तिथून सरळ मनोहररावांकडे गेली आणि तिने कागद समोर ठेवला. ती फार रडली. मनोहरराव चिडले, खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. मग त्यांनी विचार केला. खोट्या सहीची गोष्ट बाहेर गेली तर दोघी मुली जातील, आणि मंडळाचे कामही केंद्राच्या हातून जाईल. मुलीचे गुण तर दुरुस्त व्हायलाच हवेत. शेवटी त्यांनी मार्ग काढला. चूक मशीनवर टाकायची.

आमची देखभाल करणारे गिरिधर नावाचे कारागीर होते. त्यांना बोलावून मला तपासायला सांगितले. त्यांनी माझे झाकण काढले, तेल घातले, आणि मुद्दाम चुका केलेली दोनशे कार्डे माझ्यातून काढली. मी दोनशेच्या दोनशे चुका पकडल्या. आयुष्यात इतक्या जिवाच्या आकांताने मी कधी काम केले नव्हते.

"साहेब, याच्यात काही खराबी नाही," गिरिधर म्हणाले.

मनोहररावांनी त्यांना मान हलवून जायला सांगितले आणि अहवाल स्वतः लिहिला. पडताळणी यंत्रातील बिघाडामुळे एका परीक्षार्थीच्या गुणांत चूक झाली, असे त्यात होते. नागपुरात त्याआधी कुणी आपली चूक यंत्राच्या नावावर लिहिली होती की नाही, मला ठाऊक नाही. माझ्या नावावर लिहिलेली ती पहिलीच.

पुढच्या आठवड्यात धोंडबा आणि गोपिका नवी गुणपत्रिका न्यायला आले. गणितात एकाहत्तर. सोबत दिलगिरीचे पत्र होते आणि त्यात तेच, यंत्रातील बिघाड. धोंडबांनी गुणपत्रिका कपाळाला लावली. त्यांनी मनोहररावांचे आभारही मानले, आणि ते आभार मला ऐकवेनात. ट्रेनिंगची यादी मात्र शनिवारीच बंद झाली होती. पुढच्या वर्षी पाहू, असे ते म्हणाले, आणि लगेच, तिच्या आजीचे डोळे गेले आहेत, घरी कुणीतरी लागतेच, असेही म्हणाले. गोपिकाने ते मशीन पाहायला मागितले. मनोहररावांनी प्रेमिलाला ते दाखवायला सांगितले.

ती माझ्यासमोर उभी राहिली. सोळा वर्षांची असेल, वेणीला काळी रिबीन. तिने माझ्या कळांना हात लावला नाही.

"हेच का ते?" तिने विचारले.

"हो," प्रेमिला म्हणाली.

"इतक्या पोरींचे कार्डं पास केले यानं. माह्याच कार्डावर काहून चुकलं हे?"

देवकी आपल्या जागेवर मान खाली घालून बसली होती. सगळ्या खोलीतला खडखडाट थांबलेला होता.

"जुनं झालं ते," प्रेमिला म्हणाली.

गोपिकाने मान डोलावली, जणू तिला ते पटले. ती गेली. त्याच संध्याकाळी मला ढकलत अडगळीच्या खोलीत आणले, कारण बिघडलेले यंत्र कामाच्या खोलीत ठेवता येत नाही.

मित्रांनो, प्रेमिलाला ती जागा मिळाली. तिने लिहिलेला पहिला प्रोग्रॅम काय होता, ते मला नंतर देवकीकडून कळले. एखाद्या गठ्ठ्यावर पंच करणारी आणि पडताळणारी यांचे नंबर एकच असतील, तर संगणकाने तो गठ्ठा परत फेकायचा, असा तो प्रोग्रॅम. त्यासाठी त्या दिवसापासून प्रत्येकीला स्वतःचा नंबर द्यावा लागला. देवकी कधीकधी इथे जुने कागद शोधायला येते आणि माझ्यावरची धूळ आपल्या रुमालाने पुसते. तिनेच सांगितले, की प्रेमिला अजून सिनेमाला जाते, पण आता कुणाला गोष्ट सांगत नाही. मी तिला दुष्ट म्हणणार नाही. ती घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला चार-पाच दिवसांचा उशीर फार लहान वाटतो. पण गोपिकाच्या गावाहून नंतर काही पत्र आले नाही. ती पुढच्या वर्षी ट्रेनिंगला गेली की आजीजवळ राहिली, हे इथे कुणालाच माहीत नाही.

आता अठ्ठ्याऐंशी साल चालू आहे. कार्डे गेली, पडदेवाले संगणक आले आणि तुमच्यापैकी काही जण मोठे होऊन त्यांच्यासमोर बसतील. त्यांची काळजी घ्या, धूळ झाडा, त्यांना गारव्यात ठेवा. आणि त्यांच्या नावावर तुमची चूक लिहू नका. आम्ही नाकारू शकत नाही, म्हणून आमच्यावर काहीही खपते, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला मग भांडायलाही माणूस उरत नाही. तुमच्यातले कुणी मौद्याकडचे असेल, आणि गोपिका नावाच्या बाई तिथे भेटल्या, आता पंचविशीच्या असतील, तर त्यांना माझा निरोप सांगा. मशीन बिघडलेले नव्हते. तुमचा कागद एका मुलीच्या डोळ्याला चुकीचा दिसला, ते तिला बुधवारी कळले, आणि ती सोमवारी बोलली. काहून, असे तुम्ही विचारले होते. त्याचे उत्तर हे आहे, आणि ते त्याच दिवशी, त्याच खोलीत, तुम्हांला मिळायला हवे होते.